गल्ला रोज मोजता, मग चहा का नाही मोजत?



हिंगोलीच्या बाजारात दुकान टाकलं की गिऱ्हाईक आलं, चहा. व्यापारी आला, चहा. दिवसाला आठ कप, कपाला दोन चमचे साखर. चमचा ५ ग्रॅमचा धरा, महिन्याला जवळपास अडीच किलो साखर पोटात! हा खर्च कुठल्याच वहीत दिसत नाही.

लातूरला प्राध्यापक राहिलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून 'दोनदाच जेवा, ४५ मिनिटं चाला' हे गावोगाव पोहोचवलं. सगळ्या आहारतज्ज्ञांना ते पटलेलं नाही. पण मला त्यातली खरी ताकद वाटते ती व्हॉट्सॲप ग्रुपची. एकट्याचा निश्चय आठवड्यात ढिला पडतो, कुणी विचारणारं असलं की टिकतो. उधारीचंही तसंच असतं ना?

तुम्हीही शेजारचे तीन दुकानदार गाठा. सकाळी रामलीला मैदानावर चाला, रविवारी वजन सांगा. एकानं दांडी मारली तर दुसऱ्यानं फोन करायचा, टिंगल मात्र करायची नाही. शुगरची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मशीन बिघडली तर दुरुस्त होते. मालकच आडवा पडला तर शटर कोण उघडणार? उद्या सकाळी पहिला फोन कुणाला करायचा, ते आजच ठरवा.