व्हर्नॅक्युलर म्हणे!

मंडळी, माझं एका शब्दाशी भांडण आहे. ‘व्हर्नॅक्युलर’ हा तो शब्द. मध्यंतरी भारतातल्या टीमसाठी फोनवरून मुलाखती घेत होतो. एका मुलाबद्दल पलीकडचा मॅनेजर (आपलाच, मराठी) म्हणाला, “टेक्निकली पक्का आहे, पण व्हर्नॅक्युलर मीडियमचा आहे.” त्या ‘पण’नं माझं डोकं फिरलं. मी स्वतः साताऱ्याच्या मराठी शाळेतला. इथे एम.एस्सी. करताना मला कुणी हे विशेषण चिकटवलं नाही.

शब्दाचं मूळ लॅटिन. ‘व्हर्ना’ म्हणजे धन्याच्या घरात जन्मलेला गुलाम. त्यावरून ‘घरचा, देशी’ असा अर्थ आला.

कुणी म्हणेल, व्युत्पत्तीवर कशाला रुसायचं? ‘नाइस’चं मूळही ‘अडाणी’च आहे. कबूल! माझी तक्रार मुळाबद्दल नाही, वापराबद्दल आहे. शब्दकोशाप्रमाणे व्हर्नॅक्युलर म्हणजे त्या त्या मुलखाची रोजची भाषा. मग मँचेस्टरात इंग्रजीच व्हर्नॅक्युलर ठरते की! पण इथल्या शाळेला कुणी ‘व्हर्नॅक्युलर मीडियम’ म्हटलेलं ऐकलंत? इथे हा शब्द जुन्या दगडी घरांच्या बांधणीला लावतात, तोही कौतुकानं.

आपल्याकडे त्याला खालची पायरी मिळाली ती साहेबाच्या राज्यात. १८५४ च्या वुडच्या खलित्यात उच्च शिक्षण इंग्रजीतून आणि सामान्य रयतेला ‘व्हर्नॅक्युलर’ अशी वाटणी झाली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटननं देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर कायदा लादला. कायद्याच्या अधिकृत नावात ‘पौर्वात्य भाषा’ असं होतं, पण तो ओळखला गेला ‘व्हर्नॅक्युलर प्रेस अ‍ॅक्ट’ म्हणूनच. मुद्रकाकडून जामीन घ्यायचा, छापखाना जप्त करायचा आणि वर कोर्टात दाद नाही. इंग्रजी पत्रांना मात्र रान मोकळं. त्यातून सुटायला ‘अमृत बाजार पत्रिका’ बंगाली सोडून इंग्रजीत निघू लागली. लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत तो कायदा रद्द झाला. शब्द मात्र आपण जपून ठेवला, तोही साहेब गेल्यावर!

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर पेढे वाटले. आणि भाचा मराठी शाळेत आहे हे सांगताना आजही ‘व्हर्नॅक्युलर’ म्हणून आवाज खाली आणतो. रविवारी आपण ज्यांना हट्टानं ‘ळ’ गिरवायला बसवतो, ती मुलं हे ऐकत असतात. घरची भाषा कुठल्या पायरीवर आहे ते त्यांना बरोबर कळतं.

तेव्हा इंग्रजीत बोलतानाही सरळ ‘मराठी मीडियम’ म्हणा. उच्चारालाही सोपं आहे.