आपला माणूस पडतो तेव्हा

मराठीत हरलेल्या पैलवानासाठी शब्दांची ददात नाही. तो चीत होतो, चारी मुंड्या चीत होतो, त्याची पाठ लागते, तो अस्मान पाहतो, धूळ चाटतो, माती खातो. वाक्प्रचार शिकवताना मी ही यादी फळ्यावर लिहितो तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलेही वही उघडतात. परंतु त्याच वेळी हौद्याच्या कडेला तीन तास ऊन डोक्यावर घेऊन जो बसलेला असतो, आणि आपला पैलवान पडताच ज्याच्या हातातली शेंग फोडायची राहून जाते, त्याच्यासाठी भाषेने एकही शब्द घडवलेला नाही. तो बिचारा नुसता उठतो, पाठीची माती झटकतो आणि एस.टी. स्टँडचा रस्ता धरतो. पाठीला माती लागलेली नसतेच. तरी झटकतो.

शहरातल्या वाचकांना हे दुःख अगदीच परके नसावे. १९ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री अहमदाबादला विश्वचषक हातचा गेला, तेव्हा कितीतरी घरांत रात्रीची पाने तशीच झाकून ठेवावी लागली असतील. पण क्रिकेटचे दुःख अकरा जणांत वाटले जाते. शिवाय खेळपट्टी असते, नाणेफेक असते, दव असते. दोष ठेवायला जागा पुष्कळ. पैलवान एकटा असतो आणि अंगावर एक लंगोट. त्याच्यावर जीव लावणाऱ्याला आपला जीव लपवायला कुठेच आडोसा नसतो.

माझे आजोळ औंढा नागनाथच्या शेजारचे. आता औंढा हिंगोली जिल्ह्यात आहे. मी सांगतो आहे तेव्हा, म्हणजे १९९९ च्या आधी, ते परभणीत होते. गावाचे नाव बारा ज्योतिर्लिंगांमुळे सर्वांना ठाऊक. तिकडे द्वारकेजवळचे लोक म्हणतात, खरा नागेश आमचा. उत्तराखंडातले जागेश्वरवाले म्हणतात, आमचा. औंढेकर या वादात कधी आवाज चढवत नाही, कारण निकाल आपल्या बाजूने लागलेला आहे याविषयी त्याच्या मनात शंकाच नसते. याच देवळात नामदेवांना विसोबा खेचर भेटले. आणि नामदेव कीर्तन करीत असता त्यांना देवळाच्या मागे जायला सांगितले, तर देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, अशी कथा आहे. नंदी मात्र राहिला मागेच. आजही तो मागच्या बाजूलाच आहे. ज्या गावात साक्षात देवानेच आपल्या आवडत्या माणसाची अशी उघड बाजू घेतली, तिथल्या माणसांनी कुस्ती निःपक्षपातीपणे पाहावी ही अपेक्षा मला तरी गैर वाटते.

माझे मामा तशी पाहत नसत. गावात त्यांना सगळे बापू म्हणत. शिवरात्रीच्या यात्रेनंतरची दंगल त्यांनी कधी चुकवली नाही. हलगी वाजू लागली की ते मला खांद्यावर घेत. आधी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या, मग पाच रुपयांच्या, दहाच्या, असे करत करत उन्हे कलल्यावर शेवटची मोठी जोड लागे. त्या वर्षी शेवटच्या जोडीत 'आपला' होता. आपला म्हणजे औंढ्याच्या तालमीतला. मामांच्या घरची म्हैस दिवसाला जे दूध देई, त्यातले दोन लिटर त्याच्या खुराकाला जात. मामीचे यावर मत होते, पण ते ती फक्त म्हशीला सांगे.

खडाखडी बराच वेळ चालली. मग समोरच्याने पट काढला, आपला सावरला, गुडघ्यावर आला, आणि पुढचे मला नीट दिसलेच नाही, कारण मामांचे खांदे एकदम खाली गेले. मी वर पाहिले तर फेटे दुसऱ्याच बाजूचे उडत होते. येताना मामा बोलले नाहीत. शिवरात्रीचा उपवास दुसऱ्या दिवशी सुटतो. मामांचा चार दिवस सुटला नाही. मामी शेजारणीला सांगत होती, "पाठ त्याची लागली अन् जेवण ह्यांनी सोडलं."

पाचव्या दिवशी मामांनी भाकरी मोडली आणि कारणे द्यायला सुरुवात केली. हौद्यात पाणी जास्त मारले होते. पोराला आधीच्या महिन्यात कावीळ झाली होती. पंचांनी जोड लावतानाच वजनात गडबड केली. पाडव्यापर्यंत ती कुस्ती हरलेली राहिली नव्हती, आणि पावसाळ्याच्या सुमारास तर ती जवळजवळ जिंकलेली होती. मला त्यांचे हे पुराण फार आवडे. माणूस आपल्या जखमेवर स्वतःच्या हाताने पाला वाटून लावतो, तसे ते होते.

हा 'आपला' शब्द मोठा लवचीक आहे. वाड्यात तो घरापुरता असतो, यात्रेत गावापुरता, आणि मैदान मोठे झाले की तोही फुगतो. लातूरकडच्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक आणले, तेव्हा सारा मराठवाडा त्यांना आपला म्हणू लागला. त्याच दशकात बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याच्या सतपालला पाडले. त्या दिवशी ते एकट्या मराठवाड्याचे उरले नाहीत. कोल्हापूरचे, साताऱ्याचे, सगळ्यांचेच झाले. मामा ती कुस्ती, स्वतः तिथे नसताना, डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगत. त्यांच्या सांगण्यात सतपाल हा रावणाच्या जवळपासचा कोणीतरी असे. पण त्या संध्याकाळी दिल्लीतल्या कुठल्या तरी घरात एखादे बापू जेवले नसतील, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. पुढे १९८२ साली दिल्लीच्या एशियाडमध्ये सतपालने सुवर्णपदक मिळवले. तेव्हा मामांनी गावात पेढे वाटले. मामीने विचारले, "हा तोच ना?" मामा म्हणाले, "तोच. पन आता तो आपला हाय." ही हकीकत माझ्या जन्माच्या सुमारची, म्हणून ऐकीव आहे, पण मामीवर माझा विश्वास आहे.

मुष्टियुद्धाच्या जगात याहून मोठी गोष्ट घडलेली आहे. २ ऑक्टोबर १९८० रोजी लास व्हेगासला मुहम्मद अली लॅरी होम्सपुढे उभा राहिला. अली अडतिसाव्या वर्षी परत आलेला होता. होम्स एके काळी त्याचा सरावातला जोडीदार. अलीचे ठोसे खात खातच तो मोठा झालेला. दहा फेऱ्या होम्स मारत होता आणि अली उभा होता. शेवटी अलीच्याच माणसांनी सामना थांबवला. जगभर अलीचे चाहते रडले असतील यात नवल नाही. नवल असे, की जिंकलेला होम्सही रडला. त्या एका रात्री हौद्यातला माणूस आणि हौद्याबाहेरचा माणूस असे दोघे एकाच कातड्यात होते. पाडणारा तोच, आणि आपला माणूस पडल्याचे दुःखही त्यालाच.

हे सगळे आठवायचे कारण माझ्या वर्गातला एक मुलगा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा, आखाड्यात स्वतः कधी न उतरलेला, पण शिवराज राक्षेचा निस्सीम भक्त. राक्षे मूळ पुणे जिल्ह्यातला, पण उतरला नांदेडकडून, आणि नांदेड आम्हाला शेजारचे; एवढे 'आपला' म्हणायला पुरते. जानेवारी २०२३ मध्ये तो पुण्याला महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा या मुलाने गदेचे चित्र वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवले. मग २ फेब्रुवारी २०२५ आली. अहिल्यानगरच्या स्पर्धेत पृथ्वीराज मोहोळशी झालेल्या गादीवरच्या लढतीत पंचांनी राक्षेला चीत ठरवले. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे त्याचे म्हणणे. वाद वाढला, त्याने पंचांना लाथ मारली, आणि कुस्तीगीर संघाने तीन वर्षांची बंदी जाहीर केली. लाथेचे समर्थन कोणी करू नये. मुलगाही करत नव्हता. पण आठवडाभर तो वर्गात बसून बाकाखाली मोबाइलवर तेच काही क्षण पाहत होता. पुढे सरकवून, मागे सरकवून, थांबवून, मोठे करून.

"सर, हे बघा. उजवा खांदा. टेकलाय का?"

मी पाहिले. एकदा टेकलेला वाटला, एकदा नाही. मी मराठीचा मास्तर. खांद्याविषयी माझे मत कोण घेणार? पण मला मामांची आठवण झाली. मामांनी ती कुस्ती आयुष्यात एकदाच पाहिली, तीही माझ्या पायांच्या मधून. दुसऱ्यांदा पाहायची सोयच नव्हती, म्हणून त्यांना ती हळूहळू स्वतःला सोसेल अशी करून घेता आली. या मुलाचा पैलवान रोज चाळीस वेळा पडत होता आणि कावीळ, पाणी, जोड यांतले काहीच त्याच्या कामाला येत नव्हते. पुरावा हातात असल्यामुळे त्याचे दुःख दुःख राहिलेच नाही, खटला झाले होते. पूर्वी निकाली कुस्तीत पाठ लागली की चार हजार डोळ्यांसमोर लागे. आता गुण, पंच आणि कॅमेरा मध्ये आले. न्यायासाठी ते चांगलेच असेल. पण रडणाऱ्याची मोठी गैरसोय झाली आहे.

"मी रोज त्याला लिहितो, सर," मुलगा म्हणाला. "हा अन्याय आहे, आम्ही विसरणार नाही, असं. त्याला बरं वाटावं म्हणून."

तेव्हा मी त्याला दुधाची गोष्ट सांगितली.

त्या शिवरात्रीनंतर औंढ्यातल्या दोन-तीन घरांनी आपल्या पैलवानाचा खुराक बंद केला. मामांनी केला नाही. रोज पहाटे सायकलला किटली अडकवून ते तालमीत जात, दूध देत आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्यासमोर बसत. बोलत काही नसत. अशा पंधरवड्यानंतर एक दिवस त्याने किटली न उघडताच खाली ठेवली आणि म्हणाला, "बापू, पडलो त्याचं काही नाही. पडायलाच तर शिकतोत आम्ही इथं. पन तुमच्या तोंडाकडं बगवंना."

मामा उठून घरी आले. दूध थांबले नाही. ते घेऊन जाणारा माणूस बदलला. आधी सालगडी जाई, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जाऊ लागलो. पैलवान किटली तोंडाला लावी, पुसे, आणि रोज एकच प्रश्न विचारी: "बापू हसत्यात का?" मी सांगे, हसतात. घरी आलो की मामा विचारत, "समदं पिला का?" मी सांगे, सगळे. दोघांची उत्तरे मी बहुधा खरीच देत असे.

पुढच्या शिवरात्रीला तीच जोड पुन्हा लागली. पाऊण तास झटापट झाली, अंधार पडू लागला, आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवून इनाम दोघांत वाटून दिले. त्या रात्री मामा दीड भाकरी जेवले.