उघडे कर्ज, झाकलेली देणगी

इंदूर तेव्हा राजधानी नव्हते. अहिल्याबाईंचा दरबार महेश्वरला होता आणि तुकोजी होळकर फौजेसह इंदूरजवळ तळ देऊन होते. शहरातला एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. चार जणांनी तुकोजींच्या कानाशी लागून सुचवले, की या संपत्तीतला वाटा आपण मागावा. सावकाराच्या विधवेने महेश्वर गाठले. अहिल्याबाईंनी तिला मानाची वस्त्रे दिली, नवऱ्याच्या मालमत्तेची मालकीण म्हणून तिला मान्यता दिली आणि तुकोजींना निरोप धाडला, की तळ हलवा, माझ्या शहराला अन्यायाच्या मागण्यांनी छळू नका. तुकोजींनी तळ हलवला. ही हकीकत जॉन माल्कमने माळव्यावरच्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे आणि याच वागण्याने इंदूरच्या लोकांचा अहिल्याबाईंवर जीव जडला, असेही त्याने लिहिले आहे.

त्या काळी पैशाला सत्तेची भीती होती. राजाला पैसा हवाच असे. फौज, पागा, देवस्थाने, लग्नकार्ये सगळे सावकाराच्या पेढीवर चालायचे. पण तो कुठे मागायचा नाही, हे सांगणारे कोणीतरी गादीवर असावे लागते. आज इंदूरच्या विमानतळाला आणि विद्यापीठालाही अहिल्याबाईंचे नाव आहे. निवडणूक निधीची चर्चा निघते तेव्हा मात्र त्यांचा तो निरोप कोणाला आठवत नाही.

पुढच्या पिढ्यांत पैसा आणि सत्ता यांचे नाते पालटत गेले. महिदपूरला इंग्रजांनी होळकरांचा पराभव केल्यानंतर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला, राजधानी इंदूरला आली आणि रिकाम्या खजिन्याचा कारभार तात्या जोग यांच्या हाती आला. तात्या जोग म्हणजे विठ्ठल महादेव किबे, स्वतः सावकारी पेढीचे धनी. कर्ज देणाराच दिवाण झाला. त्यांच्या कर्तबगारीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मोडलेले राज्य त्यांनी उभे केले, याची साक्ष माल्कमनेही दिली आहे. तरीही धनको आणि कारभारी एकच असला, की रयतेचे हित आणि पेढीचे हित यांच्यामधली रेघ फक्त त्या माणसाच्या सचोटीवर टिकून राहते. सचोटी त्याच्याबरोबर जाते. व्यवस्था मात्र मागे उरते.

अर्ध्या शतकानंतर दुसऱ्या तुकोजीरावांनी याच्या नेमका उलटा व्यवहार केला. खंडवा ते इंदूर रेल्वेसाठी त्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने. त्यात होळकरांचा फायदा होता, इंग्रजांचाही होता, आणि दोघेही तो लपवत नव्हते. रक्कम, दर, मुदत आणि कारण, चारही गोष्टी करारात लिहिलेल्या होत्या. दीडशे वर्षांनंतर आपण त्या वाचू शकतो, त्यावर वाद घालू शकतो. पैसा आणि राज्य यांची गाठ पडणे कधीच टळले नाही. ती गाठ कागदावर कोणाला दिसते, एवढेच माणसाच्या हातात असते. आमचा सारा आग्रह एवढ्यासाठीच आहे.

इंदूरच्या धनिकांत सर सेठ हुकुमचंद यांच्याएवढे मोठे नाव दुसरे नाही. अफू आणि कापसाच्या बाजारात त्यांनी अमाप कमावले, गिरण्या काढल्या, काचमंदिर बांधले. पहिल्या महायुद्धात त्यांनी इंग्रज सरकारच्या युद्धकर्जात एक कोटी रुपये गुंतवले. त्याच सुमारास, १९१८ साली, हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून गांधीजी इंदूरला आले आणि दक्षिणेत हिंदी प्रचार करण्याची त्यांची योजना पुढे आली, तेव्हा हुकुमचंदांनी तिच्यासाठी दहा हजार रुपये दिले. सरकारला एक कोटी, गांधीजींच्या कामाला दहा हजार. याला कोणी दुटप्पीपणा म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. व्यापारी माणूस उद्या कोणते वारे वाहील हे ओळखून दोन्ही दारांशी संबंध ठेवतो; तो त्याचा धर्म आहे. दोन्ही रकमा चारचौघांत दिल्या गेल्या आणि शहराने दोन्ही मोजल्या, एवढे लक्षात ठेवावे. शंभर वर्षांनी निवडणूक रोख्यांची यादी उघडली तेव्हा एकाच कंपनीचे पैसे चार-चार पक्षांकडे गेलेले दिसले. व्यापाऱ्याचा स्वभाव तोच होता. चारचौघे तेवढे गायब झाले होते.

मोठ्या थैलीला पर्याय असतो, हे मराठी माणसाने फार पूर्वी दाखवले आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरटी एक पैसा मागत पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. टिळकांच्या साठीला, १९१६ साली, लोकांनी एक लाखाची थैली अर्पण केली. टिळकांनी ती राष्ट्रकार्याला देऊन टाकली. १९२१च्या टिळक स्वराज्य फंडाने एक कोटीचा संकल्प पुरा केला. त्यात अर्देशीर गोदरेज यांच्यासारख्यांच्या लाखांच्या रकमा होत्या, तशाच बायकांनी सभेत काढून दिलेल्या बांगड्याही होत्या. थैलीशहा त्या फंडातही होते, पण मालक नव्हते. कारण लाख देणाऱ्याच्या शेजारी पैसा देणारे हजारो उभे होते.

स्वातंत्र्यानंतर ते हजारो हळूहळू बाजूला झाले. का झाले, याचे उत्तर एका खटल्यात सापडते.

१९५७ साली टाटांच्या पोलाद कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून कंपनीला आपल्या घटनापत्रात बदल हवा होता. उद्योगाचे भवितव्य सरकारच्या धोरणावर अवलंबून आहे, म्हणून पक्षाला मदत करणे कंपनीच्या हिताचे आहे, असा कंपनीचा युक्तिवाद होता. एका भागधारकाने विरोध केला. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे प्रश्न आला तेव्हा कायद्यात मनाई करणारे काहीच नव्हते, त्यामुळे परवानगी द्यावी लागली. पण ती देताना त्यांनी निकालपत्रात इशारा लिहून ठेवला, की हा धोका झपाट्याने वाढून एक दिवस या देशातल्या लोकशाहीचा गळा घोटू शकतो. संसदेने याचा विचार करावा, असेही त्यांनी सुचवले.

आज तो खटला आठवला की कंपनीचाही आदर वाटतो. देणगी द्यायची तर न्यायालयाचे दार ठोठवायचे, कारण सांगायचे, विरोध ऐकून घ्यायचा, हे सगळे तिने दिवसाढवळ्या केले. पुढची सत्तर वर्षे म्हणजे तो दिवस हळूहळू मावळत जाण्याची गोष्ट आहे.

१९६०मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर मर्यादा आली. १९६९मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांवर सरसकट बंदी घातली, पण निवडणुकीचा खर्च भागवायला दुसरी वाट दिली नाही. मग पक्षाच्या स्मरणिका निघू लागल्या. कोणी न वाचणाऱ्या त्या अंकांत कंपन्यांच्या पानभर जाहिराती झळकत आणि देणगी जाहिरातखर्चाच्या नावाने वह्यांत बसे. जे स्मरणिकेत मावत नव्हते ते बॅगांतून पोहोचू लागले. १९८५मध्ये राजीव गांधींच्या सरकारने बंदी उठवली, पण रोख पैशाची चटक दोन्ही बाजूंना लागून गेली होती.

आमच्या मते खरा घाव १९७४चा आहे, आणि त्याची आठवण फार थोड्यांना आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितले, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच मर्यादेत धरला पाहिजे. सरकारने त्याच महिन्यात वटहुकूम काढून हा निकाल निकामी केला. पहिल्या निवडणुकीत लोकसभेच्या उमेदवाराला २५ हजारांची मर्यादा होती. आज मोठ्या राज्यांत ती ९५ लाखांची आहे, विधानसभेला ४० लाखांची. उमेदवाराच्या चहाचा, खुर्च्यांचा आणि मांडवाचा हिशेब निरीक्षक घेतात. पक्षाच्या खर्चाला मात्र आजही मर्यादा नाही. समोरच्या दाराला कुलूप लावायचे आणि मागची भिंतच काढून टाकायची, असा हा कायदा आहे.

त्या उघड्या बाजूने २०१७मध्ये निवडणूक रोखे आले. कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी ही अट काढली गेली. तोट्यातली कंपनीही कितीही देऊ शकली. कोणत्या पक्षाला दिले हे नफा-तोटा पत्रकात सांगण्याची गरज उरली नाही. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे मिळत आणि १५ दिवसांत पक्षाने ते वठवायचे. रिझर्व्ह बँकेने आणि निवडणूक आयोगाने आक्षेप नोंदवले होते. ते ऐकले गेले नाहीत. १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेल्यावर, १५ फेब्रुवारी २०२४ रोजी, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. मग याद्या बाहेर आल्या. एप्रिल २०१९नंतरच्या काळात भाजपला सहा हजार कोटींहून अधिक, तृणमूल काँग्रेसला सोळाशे कोटी, काँग्रेसला चौदाशे कोटी. सर्वांत मोठी खरेदीदार लॉटरीच्या धंद्यातली कंपनी होती, १,३६८ कोटींची. सरकारची कंत्राटे घेणाऱ्या कंपन्या यादीत होत्या. तपास यंत्रणांच्या धाडी पडलेल्याही होत्या.

हा निकाल यायला सहा वर्षांहून अधिक काळ लागला. त्या काळात एक लोकसभा निवडणूक आणि सगळ्या राज्यांच्या विधानसभा निवडणुका होऊन गेल्या. मतदारांनी मते दिली तेव्हा आपल्या पक्षाला कोणी पोसले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. ती मते आता परत घेता येत नाहीत.

अमेरिकेचा दाखला यात हमखास दिला जातो. तिथे १८९६च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे प्रचारप्रमुख मार्क हॅना यांनी मोठ्या कंपन्यांकडून अफाट पैसा गोळा केला, त्याचा गाजावाजा होऊन १९०७मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली आणि २०१०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्वतंत्र प्रचारासाठी दार पुन्हा सताड उघडले. कोणतीही सुधारणा कायमची नसते, एवढेच त्यातून घ्यावे. तिथे होते म्हणून इथे चालते, असे म्हणणाऱ्यांनी पैसा फंडाचा इतिहास वाचावा.

आता पुन्हा इंदूर. १९६२ साली या शहराने होमी दाजींना लोकसभेत पाठवले. गिरणी कामगारांचा पुढारी, अपक्ष उमेदवार, समोर सत्ताधारी काँग्रेस. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, स्वदेशी मिल यांच्या भोंग्यांवर चालणाऱ्या वस्त्यांनी तो निकाल घडवला. १९८९ साली चिपळूणची माहेरवाशीण असलेल्या सुमित्रा महाजन इथून निवडून आल्या, तेव्हा समोर प्रकाशचंद्र सेठींसारखे माजी केंद्रीय गृहमंत्री होते. कामगारपुढारी किंवा नगरसेवकपदापासून वर आलेली गृहिणी या शहरातून दिल्लीला जाऊ शकत होती. आज तसे कोणी उभे राहू पाहील तर पहिला प्रश्न काय विचारला जातो, हे इंदूरच्या कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याला विचारा: खर्च किती कराल? निवडणुकीच्या आधी वर्षभर कथा, भंडारे, भजनसंध्या, यात्रा चालू असतात. त्यांचा पैसा कोणत्याच मर्यादेत धरला जात नाही, कारण निवडणूक अजून जाहीरच झालेली नसते. मांडव कोणी घातला, शिधा कोणी दिला, हे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक असते आणि कुठेच लिहिलेले नसते. निवडून आलेला माणूस पहिल्या दिवसापासून मिंधा असतो. वॉर्डातल्या मतदारांचा नव्हे, मांडववाल्याचा.

आणि २०२४. काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराने २९ एप्रिलला अर्ज मागे घेतला आणि भाजपची वाट धरली. त्यामागे कारणे कोणतीही असोत, देशातल्या एका मोठ्या शहराच्या मतपत्रिकेवर मुख्य विरोधी पक्षच उरला नाही. विजयाचे अंतर ११ लाख ७५ हजारांचे झाले आणि २ लाख १८ हजार ६७४ जणांनी ‘नोटा’चे बटण दाबले. या दोन लाखांचे आम्हांला मोल वाटते. उन्हात रांगेत उभे राहून त्यांनी सांगितले, की आमच्यासमोर निवड ठेवा. पण निवड ठेवायची तर साधनांवाचून उभे राहणाऱ्यांना निवडणूक परवडली पाहिजे. सगळेच पक्ष पदरचा खर्च उचलणाऱ्या उमेदवारांच्या शोधात राहिले, तर पक्षाशी बांधलेली माणसे मागच्या रांगेतच संपतील.

यावर उपाय अवघड नाहीत. पक्षाच्या खर्चाला मर्यादा घालावी आणि उमेदवारासाठी झालेला प्रत्येक खर्च उमेदवाराच्या नावावर धरावा, म्हणजे १९७४चा निकाल कायद्यात परत आणावा. देणगी पक्षाच्या खात्यात येताच, निवडणूक होण्याआधी, देणाऱ्याचे नाव आणि रक्कम आयोगाच्या संकेतस्थळावर दिसावी. सध्या २० हजारांपर्यंतच्या देणग्या देणाऱ्यांची नावे पक्षांना सांगावी लागत नाहीत. ती पळवाट बंद करावी. आणि छोट्या देणग्यांना जोड म्हणून सरकारी मदत द्यावी.

हे दिल्लीत व्हायला वेळ लागेल. इंदूर महानगरपालिकेची निवडणूक २०२२मध्ये झाली, पुढची २०२७मध्ये येते. महापौरपदाच्या आणि प्रत्येक वॉर्डाच्या उमेदवाराने आपल्या देणगीदारांची यादी, मांडववाल्याच्या नावासकट, मतदानाच्या आठ दिवस आधी वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर लावावी, अशी मागणी नागरिकांनी आतापासून करायला हवी. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.