मधपेटी बांधावर उतरवण्यापूर्वी ती उघडून पाहा

कांदा बीजोत्पादनाचा प्लॉट फुलोऱ्यावर आला की मधपेट्यांची शोधाशोध सुरू होते. डाळिंब, कलिंगड, काकडी, सूर्यफूल या पिकांतही आता पेट्या भाड्याने घेतल्या जातात. रात्रीच्या प्रवासाने पिकअप येते आणि पहाटे पेट्या बांधावर मांडल्या जातात. तुम्ही पेट्या मोजता, भाडे ठरवता, फवारणी कधी बंद ठेवायची ते विचारता. पेटी उघडून आत काय चालले आहे हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ही सवय आता बदलायला हवी.

नवी कीड देशात आली आहे

स्मॉल हाइव्ह बीटल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान भुंगेऱ्याची भारतातील पहिली नोंद २०२२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये झाली. मूळचा सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतला हा भुंगेरा १९९० च्या दशकात अमेरिकेत, २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात आणि २०१४ मध्ये इटली व फिलिपिन्समध्ये आढळला. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात तो कायमचा स्थिरावला आहे.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी तुम्हाला आठवत असेल. २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी आपल्याकडे पोहोचली. तिचा पतंग लांबवर उडतो, त्याला अडवणे आपल्या हातात नव्हते. या भुंगेऱ्याचे तसे नाही. तो स्वतः काही किलोमीटर उडतो, पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो तो मुख्यतः पेट्या, जुनी पोळी, मेण आणि माती यांच्यासोबत. मोहरी, लिची, सूर्यफूल असा फुलोरा गाठत मधपाळ शेकडो किलोमीटर फिरतात. त्यांच्या ट्रकमधून कीडही फिरू शकते. म्हणूनच पेटी जिथे चढते आणि जिथे उतरते, तिथेच तिला अडवण्याची संधी असते.

नुकसान कसे होते?

प्रौढ भुंगेरा ५ ते ७ मिलिमीटर लांब, गडद तपकिरी ते काळा असतो. उजेड पडला की फटीत पळतो. मादी पेटीच्या फटींमध्ये आणि पोळ्यात अंडी घालते. अळ्या मध, पराग आणि मधमाश्यांची अंडी-अळ्या खातात. त्यांच्या विष्ठेमुळे मध आंबतो, पातळ होऊन पोळ्यातून गळू लागतो आणि सडक्या संत्र्यासारखा वास येतो. असा मध माश्याही खात नाहीत आणि तो विकताही येत नाही. वसाहत कमकुवत असेल तर माश्या पेटी सोडून जातात. आपली सातेरी माशी तर त्रास वाढला की पेटी सोडण्यात मुळातच तरबेज आहे.

पूर्ण वाढलेली अळी पेटीबाहेर पडून जमिनीत कोषावस्थेत जाते, साधारणपणे वरच्या वीतभर थरात. भुसभुशीत, ओलसर जमीन तिला मानवते. ठिबकवरची बाग किंवा कोकणातील दमट जमीन तिच्यासाठी सोयीची आहे. हुमणीचे भुंगेरे एका शेतकऱ्याने गोळा करून भागत नाही, गावाला मिळून गोळा करावे लागतात. इथेही तेच आहे. एका बांधावरची दुर्लक्षित पेटी आसपासच्या सगळ्या पेट्यांना धोक्यात आणते.

मेणपतंगाची अळी की भुंगेऱ्याची?

मेणपतंग आपल्याकडे जुना आहे, त्यामुळे अळी दिसली की तोच समजून सोडून देण्याची चूक होऊ शकते. फरक असा ओळखा:

- मेणपतंगाची अळी पोळ्यात रेशमी जाळी विणते. भुंगेऱ्याची अळी जाळी करत नाही, तिच्यामुळे पोळे चिकट आणि बुळबुळीत होते.
- भुंगेऱ्याची अळी साधारण १ सेंटीमीटर लांब असते. मोठ्या मेणपतंगाची अळी तिच्या दुपटीहून लांब वाढते.
- भुंगेऱ्याच्या अळीला डोक्याजवळ पायांच्या फक्त तीन जोड्या असतात आणि पाठीवर बारीक काट्यांच्या रांगा असतात. मेणपतंगाच्या अळीला पोटाखालीही आखूड पाय असतात.

कोळी मात्र घरचेच

व्हरोआ आणि ट्रोपिलिलॅप्स हे परोपजीवी कोळी जगभर बाहेरून आलेले शत्रू मानले जातात. आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. व्हरोआ मूळचा सातेरी वर्गातील माशीवरचा आणि ट्रोपिलिलॅप्स आग्या माशीवरचा. सातेरी अंगावरचे कोळी वेचून काढते आणि तिच्या वसाहतीत व्हरोआ मुख्यतः नर माश्यांच्या घरांतच वाढतो. त्यामुळे दोघांचे निभते. १९६० च्या दशकात हिमाचल प्रदेशातील नगरोटा येथे यशस्वीपणे रुजवलेली मेलिफेरा माशी इथे पाहुणी आहे, तिला ही सवय नाही. भाड्याने येणाऱ्या पेट्या बहुतेक मेलिफेराच्या असतात, म्हणून कोळ्यांची तपासणी त्यांच्यात आधी हवी.

ऑस्ट्रेलियाचा धडा

जून २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल बंदराजवळ, निगराणीसाठी मुद्दाम ठेवलेल्या पेट्यांमध्ये व्हरोआ सापडला. पेट्यांची ने-आण बंद केली गेली, हजारो वसाहती नष्ट करून मालकांना भरपाई दिली गेली. तरीही बदामाच्या परागीभवनासाठी पेट्या नेल्या जातात त्या भागांतही कोळी आढळले. सप्टेंबर २०२३ मध्ये निर्मूलनाचा प्रयत्न सोडून कोळ्यांसोबत जगण्याचे नियोजन स्वीकारावे लागले.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, कीड दिसण्याआधी ती किती फिरली आहे यावर सारे ठरते. दुसरी, कळवणाऱ्या मधपाळाला नुकसानीची भीती वाटली तर तो गप्प बसतो. आपल्याकडे कीड कळवणाऱ्याला दंडाची नव्हे, मदतीची खात्री मिळाली पाहिजे.

प्रशिक्षणात काय हवे?

राष्ट्रीय मधमाशी व मध अभियानासाठी केंद्राने २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांची घोषणा केली. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे महाबळेश्वर येथील मध संचालनालय, पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रे प्रशिक्षण देतात. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून पुढे आले. उत्साह आहे, योजना आहेत. पण पेट्यांचे वाटप मोजता येते, पेटीची तपासणी कोणी मोजत नाही. प्रशिक्षण घेतलेल्याला मध काढता आला आणि कीड ओळखता आली नाही, तर पेट्या वाढतील तसा धोकाही वाढेल.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे: फुलोऱ्याच्या काळातील शेतीशाळेत एक पेटी मधपाळाकडून उघडून दाखवावी. भुंगेरा, मेणपतंग आणि कोळी यांतील फरक समजावून सांगावा. सोयाबीन-कापसाच्या किडींची क्रॉपसॅपमधून नियमित निरीक्षणे होतात, तशी पेट्यांची नोंद गावपातळीवर सुरू करावी.

पेटी भाड्याने घेताना

- पेट्या याआधी कोणत्या राज्यात, कोणत्या पिकावर होत्या ते विचारून लिहून ठेवा. मधपाळाची मधुक्रांती पोर्टलवर नोंदणी आहे का ते पाहा.
- दहा पेट्यांमागे किमान दोन पेट्या मधपाळाला उघडायला सांगा. झाकण काढताच आतील बाजू, कोपरे आणि तळपाट पाहा. भुंगेरे उजेडापासून पळताना दिसतात.
- माश्यांनी झाकलेल्या चौकटी भरपूर असलेल्या पेट्याच घ्या. कमकुवत वसाहत परागीभवनही कमी करते आणि किडीलाही आधी बळी पडते.
- व्हरोआसाठी पिठीसाखरेची चाचणी करा. राणी नसलेल्या चौकटीवरून अर्धा कप, म्हणजे सुमारे ३०० माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी हलकेच फिरवा, दोन मिनिटे थांबा, मग साखर पांढऱ्या ताटात चाळा आणि थोडे पाणी शिंपडा. लालसर तपकिरी कोळी दिसतील. ९ कोळी म्हणजे १०० माश्यांमागे ३, इतके आढळले तर उपाय लांबवू नका. माश्या जिवंत परत सोडता येतात.
- ट्रोपिलिलॅप्स बराच लहान आणि चपळ असतो. माश्या झटकून अळ्यांची चौकट पांढऱ्या ताटावर हलकेच आपटा आणि पळणारे कोळी शोधा.
- जुनी पोळी, मेणाचे तुकडे बांधावर टाकू नका. मध काढलेल्या चौकटी उघड्यावर ठेवू नका.

संशयित भुंगेरा किंवा अळी दिसली तर ती पेटी हलवू नका. नमुना स्पिरिटमध्ये बुडवून बरणी बंद करा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाला कळवा. पेटीत पिकावरचे कीटकनाशक कधीही मारू नका. त्याने माश्या मरतात आणि मधात अंश उतरतात. कोळ्यांवरील औषधेही तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच, मध काढण्याच्या काळाव्यतिरिक्त वापरा.

ही सारी तपासणी अर्ध्या तासाची आहे. पेटीचे भाडे ठरवताना या अर्ध्या तासाचेही बोलून घ्या. यंदाच्या बियाण्याइतकाच पुढच्या हंगामाच्या माश्यांचाही प्रश्न त्यात आहे.