क्रमांक विचारू नका

२०२३ साली पवईच्या आय.आय.टी.ने आपल्या विद्यार्थ्यांसाठी लेखी सूचना काढल्या. सहाध्यायाला प्रवेशपरीक्षेतील त्याचा क्रमांक विचारणे अनुचित आहे, जात सूचित होईल असा प्रश्न करणेही अनुचित आहे, असा त्यांचा आशय होता. ज्या संस्थेत पाऊल ठेवण्याचे साधनच मुळी तो क्रमांक, तिनेच तो उच्चारू नका म्हणावे, ही गोष्ट साधी नव्हे. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत तेथील पहिल्या वर्षाच्या एका दलित विद्यार्थ्याने आपले जीवन संपविले होते. संस्थेच्या चौकशी समितीला जातीय भेदभावाचा थेट पुरावा आढळला नाही. कुटुंबीयांना तो निष्कर्ष मान्य झाला नाही. त्या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्हांला बोलायचे आहे ते आमच्या स्वतःच्या दाराविषयी.

कारण पवईत जे विचारणे अनुचित ठरले, तेच आम्ही आमच्या धर्मग्रामांत ध्वनिक्षेपकावरून जाहीर करतो. रविवारच्या मिस्साबलिदानानंतर गुणवंतांना पुढे बोलाविले जाते, त्यांचे क्रमांक वाचले जातात, टाळ्या होतात, शाल पांघरली जाते. भाषणात तलंतांचा दाखला हटकून येतो. हरवलेल्या मेंढराचा दाखला अशा समारंभात कोणी सांगितल्याचे आम्हांला आठवत नाही. तीन वर्षांनी तोच मुलगा दोन विषयांत अनुत्तीर्ण होऊन सुट्टीत घरी आला, की तो मागच्या बाकावर बसतो आणि शेवटचे गीत संपण्यापूर्वीच निघून जातो. त्याचे काय झाले, हे विचारायला आम्ही कोणी जात नाही.

ही उंच संस्था खालून कशी दिसते, हे पाहायचे तर परभणी जिल्ह्यातील वालूरसारख्या गावातून पाहावे. सेलू तालुक्यातील हे गाव गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांच्या जुन्या बारवेमुळे अलीकडे नावारूपास आले. गावकऱ्यांनी ती श्रमदानाने मोकळी केली. (ती बारव ज्यांनी रचली त्यांना भूमिती उत्तम येत होती, त्यांचा क्रमांक मात्र कोणी काढला नव्हता.) हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे, तर तेथील उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू. औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते १९५८ साली, आणि मुंबईची आय.आय.टी. सुरू झाली तीही १९५८ सालीच. दोन्ही दारे एकाच वर्षी उघडली. परंतु वालूरपासून दुसऱ्या दारापर्यंतचे अंतर रेल्वेच्या मैलांत मोजता येत नाही.

समजा, अशा गावातील मराठी माध्यमाचा एक मुलगा निघाला. जे.ई.ई. मेन ही पहिली परीक्षा २०२१ पासून मराठीतही देता येते. तीतून निवडलेल्या सुमारे अडीच लाखांना पुढची, ॲडव्हान्स्ड परीक्षा देता येते. पण ती फक्त इंग्रजीत आणि हिंदीत. २०२४ मध्ये मेनला सुमारे १४ लाख मुले बसली, ॲडव्हान्स्डला १,८०,२००, आणि सर्व आय.आय.टी. मिळून जागा १७,७४०. म्हणजे आमचा मुलगा तेथे पोहोचला तर तो निःसंशय बुद्धिमान आहे. तालुक्यात, कदाचित जिल्ह्यातही, तो पहिला आलेला आहे. आणि पवईच्या वर्गात शिरताच त्याच्या ध्यानात येते की, येथे प्रत्येक जणच कोठे ना कोठे पहिला आलेला आहे.

पुढचे सारे इंग्रजीत. प्राध्यापक वेगाने शिकवितात, गृहपाठ रात्री दोनपर्यंत पुरतो. शंका मनात येते ती मराठीत. तिचे इंग्रजी होईपर्यंत फळा पुसलेला असतो. दोनदा असे झाले की तिसऱ्यांदा हात वर होत नाही. गुणांऐवजी श्रेणी मिळते, आणि अनेकदा ती इतरांच्या तुलनेत ठरते. किती आले यापेक्षा इतरांना किती आले याला महत्त्व. अशा मोजणीत कोणीतरी तळाला जाणारच. सारेच हुशार असले तरी जाणार. रविवारी घरचा फोन येतो. "जेवलास का रे? अभ्यास बरा चाललाय ना?" "हो आई." त्या 'हो'त काय दडले आहे हे आईला कळू नये अशीच व्यवस्था आपण सर्वांनी मिळून केली आहे. ज्याच्या नावाचा फलक चर्चच्या फाटकाशी लागला, तो "मला येत नाही" हे वाक्य कोणत्या तोंडाने बोलणार?

यावर एक उत्तर ठरलेले असते : ज्याला झेपत नाही त्याने जाऊ नये, उच्च शिक्षण म्हणजे अनाथालय नव्हे. हे उत्तर आम्ही सुशिक्षित, मिस्सा न चुकविणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते आम्हांला अमान्य आहे. २०१५ साली रुरकीच्या आय.आय.टी.ने पहिल्या वर्षाच्या सत्तरहून अधिक विद्यार्थ्यांना कमी श्रेणीमुळे एकदम काढून टाकले. त्यांतील बहुसंख्य आरक्षित प्रवर्गांतील होते. ओरड झाल्यावर त्यांना दुसरी संधी मिळाली. जी संधी ओरड झाल्यावर देता आली ती आधी का देता आली नाही? प्रवेश देताना संस्थेला ठाऊक नव्हते काय, की ही मुले कोठून येत आहेत?

२००७ साली आपल्या विदर्भातील अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्समधील दलित व आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीचा अहवाल दिला. कागद उपलब्ध आहे, वाचणारे थोडे. २०२३ च्या डिसेंबरात लोकसभेत सरकारने सांगितले की, मागील पाच वर्षांत आय.आय.टीं.मधून इतर मागासवर्गीय २,०६६, अनुसूचित जातींचे १,०६८ आणि अनुसूचित जमातींचे ४०८ विद्यार्थी बाहेर पडले. विद्यार्थ्यांना अनेक पर्याय असतात, ते दुसरीकडे जातात, असे स्पष्टीकरण त्यासोबत होते. काही जण तसे गेलेही असतील. पण किती जण पर्याय मिळाला म्हणून गेले आणि किती जण उपाय उरला नाही म्हणून, हे त्या उत्तरात नाही.

आता आमच्या लोकांतील एक समज. जातीचा प्रश्न हिंदूंचा, आपला नाही, असे मानणारी कुटुंबे आमच्यात पुष्कळ आहेत. मराठवाड्यातील आमचे कितीतरी बांधव ज्या वस्त्यांतून आले त्या वस्त्या गावाला ठाऊक आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलतींबाहेर ठेवले. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना आत घेतले गेले, आम्ही बाहेरच आहोत. वसतिगृहातील आडनावाची चौकशी मात्र आम्हांला वगळत नाही. आणि जो दोष आम्ही पवईला लावतो तो आमच्या नामांकित महाविद्यालयांच्या पहिल्या प्रवेशयादीलाही लागतो. त्या यादीत गावाकडच्या मिशनच्या शाळेतील मुले किती, हे मोजून छापावयास कोणाची हरकत असू नये.

समुपदेशक नेमले जात आहेत, हे चांगलेच. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांत सर्वाधिक, १,७६४, आपल्या महाराष्ट्रात. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली एक राष्ट्रीय कृतिदल नेमले. परंतु समुपदेशकाकडे पाठविताना आपण नकळत सांगत असतो की बिघाड मुलात आहे. भाषेत, श्रेणीच्या गणितात आणि आमच्या टाळ्यांत बिघाड असेल, तर समुपदेशकाने काय करावे? पहिल्या वर्षातील ताण घटावा म्हणून काही आय.आय.टीं.नी गुणांच्या जोरावर शाखा बदलण्याची पद्धत बंद केली. संस्थांनाच जे कबूल आहे ते पालकांनी का नाकारावे?

आमचे म्हणणे असे की, प्रत्येक संस्थेने किती विद्यार्थी मध्येच गेले आणि का गेले, हे दरवर्षी स्वतःहून प्रसिद्ध करावे, आणि पहिल्या सहामाहीत मराठी, तेलुगू, बंगाली माध्यमांतून आलेल्यांना शंका आपल्या भाषेत विचारता येईल असा एक तास ठेवावा. शुल्क भरणाऱ्या पालकांनी हे पत्राने मागावे. पत्र मराठीत लिहिले तरी चालेल. आणि मुलगा निघतानाच बापाने त्याला सांगावे, की परत यावेसे वाटले तर ये, भाकरी आहे, शेत नसले तरी घर आहे, आणि कोणी विचारले तर उत्तर मी देईन.

नाताळच्या सुट्टीत ही मुले घरी येतील. गुणवंतांच्या सत्काराची यादी एव्हाना तयार होऊ लागली असेल. सत्कार समितीत गेली काही वर्षे आमचेही नाव असते. या वर्षी क्रमांक वाचले जाणार असतील, तर ते कृपया वगळावे.