मुलाला फसवून ऑपरेशनला नेऊ नका

मे महिन्याची सुट्टी लागली की टॉन्सिल्स, हर्निया, तिरळेपणा अशी लांबवलेली ऑपरेशनं भराभर ठरतात. तुमच्या घरातही तारीख ठरली असेल, तर हे आजच वाचा.

"बागेत जाऊया," असं सांगून चार वर्षांच्या लेकराला हॉस्पिटलात आणलं जातं. अनोळखी हात त्याला आईच्या कडेवरून घेतात. दार बंद होतं, तोंडावर मास्क येतो. हातपाय झाडत, आक्रोश करत ते झोपी जातं. ऑपरेशन उत्तम होतं. पण घरी आल्यावर मूल रात्री दचकून उठतं, आई न्हाणीघरात गेली तरी दाराशी बसून रडतं. अंथरूण ओलं करणं कधीच सुटलेलं असतं, ते पुन्हा सुरू होतं. जेवत नाही, आदळआपट करतं.

खरं सांगा. "घशाचं दुखणं डॉक्टर बरं करणार. तू झोपशील, तुला कळणारही नाही. नंतर थोडं दुखेल, पण औषध देऊ आणि मी जवळच असेन." एवढं पुरतं. लहानग्याला एक-दोन दिवस आधी सांगा, मोठ्याला आठवडाभर आधी. "अजिबात दुखणार नाही" असं वचन देऊ नका. त्याची मळकी गोधडी बरोबर घ्या, आणि कृपा करून ती धुऊ नका. तिच्या वासाचाच त्याला आधार असतो.

अमेरिकेतले भूलतज्ज्ञ झीव केन यांनी अनेक वर्षं हाच विषय अभ्यासला. भूल घेताना मूल जितकं घाबरलेलं, तितकी ते नंतर बिथरण्याची शक्यता जास्त. आईबाबांची धास्तीही मुलाला लागते.

म्हणून भूलतज्ज्ञांना आधी भेटा, संकोच करू नका. मूल झोपेपर्यंत मला आत थांबता येईल का? आधी शांत करणारं औषध देता येईल का? पाणी कधीपर्यंत चालेल? बहुतेकदा साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, तरी लेकरं रात्रीपासून तहानलेली ठेवली जातात. नक्की वेळ त्यांनाच विचारा.

शुद्धीवर येताना काही मुलं आईलाही ओळखत नाहीत, सलाईन उपटू पाहतात. नर्सना हाक मारा, मूल पडणार नाही असं धरा, हळू बोलत राहा. बहुधा अर्ध्या तासात ते ओसरतं.

भुलेच्या भीतीनं गरजेचं ऑपरेशन मात्र टाळू नका. तान्हेपणी तासाभराहून कमी भूल मिळालेल्या मुलांची बुद्धी पाचव्या वर्षी तपासली गेली, आणि २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला की फरक आढळला नाही. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तीन तासांहून लांब किंवा वारंवार भूल लागणार असेल, तर डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला.

आजी-आजोबा, मावशी, काका, तुम्हालाही हात जोडून सांगणं आहे. "एवढा मोठा झालास, लाज नाही वाटत?" असं म्हणू नका. "इंजेक्शन देईन हं," ही धमकी कायमची सोडा. चादर मुकाट्यानं बदला. काही रात्री त्याला कुशीत घ्या, लाडावणार नाही ते. दुखण्याचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच द्या, मूल कळवळेपर्यंत थांबू नका. बहुतेक मुलं दोन-चार आठवड्यांत पूर्ववत होतात. महिना उलटूनही तसंच राहिलं, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

आणि घशातून रक्त आलं, उलट्या थांबेनात, हाक मारून मूल उठेना किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजलेले असोत, निघा.