हप्ता अडकतो, तेव्हा कोणाला जाब विचारायचा?

रमाई आवासचा हप्ता रखडला की जळगाव-धुळ्यातली आपली पोरं आधी गृहनिर्माण अभियंत्याला धारेवर धरतात. पण हा 'साहेब' बाह्यसंस्थेमार्फत नेमलेला कंत्राटी माणूस. टप्प्याटप्प्याने पाहणी करून फोटो चढवायचे, तेव्हा कुठे घरकुलामागे मोबदला. गिरणेची वाळू मिळाली नाही, बांधकाम थांबले, की लाभार्थ्याचा हप्ताही थांबतो आणि याची कमाईही. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्यात पंतप्रधान आवासच्या 20 लाख घरकुलांची मंजुरीपत्रे निघाली. कामाचा डोंगर वाढला; त्या योजनेतला प्रशासकीय खर्च मात्र 4 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणलेला. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते, हे आपण भाषणात सांगतो. मग ग्रामसभेत हप्त्यासोबत या अभियंत्याच्या भविष्य निर्वाह निधीचाही प्रश्न विचारा.